अस्वलाच्या थापा

पुस्तक तसं दहा मिनिटांचं. अस्वलबाबा पिल्लाला थापा मारतो: मी ट्रकएवढा मासा धरला, मी चंद्राला शिंक आणली. दर पानाला पिल्लू म्हणतं, "खोटं, बाबा!" आमच्या घरी अस्वल मी आणि पिल्लू माझी लेक सिग्ने. ती इतक्या जोरात ओरडायची की शेजारचा ऑरिन कुंपणापलीकडून विचारायचा, आज काय थाप मारलीस रे?

गेल्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ फुटून सिग्ने पाण्यात गेली. सहा वर्षांची पोर. मी तिला बाहेर ओढेपर्यंत चार मिनिटं गेली. जीव वाचला, पण त्या दिवसापासून ती बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, धीर धरा. मी वर्षभर रोज पुस्तक वाचलं. तिच्या जागी थांबायचो आणि पान उलटायचो.

या जानेवारीत तिनेच पुस्तक उचललं आणि बाही ओढत मला बर्फावरच्या आमच्या मासेमारीच्या खोपटात नेलं. वाटेत ऑरिन भेटला. "मासे आता पुस्तक ऐकून गळाला लागतात होय?" म्हणाला.

मी शेगडी पेटवली. बर्फात पाडलेल्या भोकावरचा पापुद्रा काढला. खालचं पाणी काळं होतं. "ट्रकएवढा मासा," मी वाचलं आणि सवयीने थांबलो.

"खोटं, बाबा."

मी सिग्नेला छातीशी धरून हमसून रडलो. देवाचे, तळ्याचे, त्या अस्वलाचेही आभार मानले. मग लक्षात आलं, तिचे ओठ मिटलेलेच होते. ती भोकाकडे बघून हसत होती.

पुढच्या पानाला मात्र सिग्नेच ओरडली.

तेव्हापासून तिची टकळी थांबत नाही. त्या चार मिनिटांत खाली एक मुलगी हात धरून तिला गोष्टी सांगत होती, हेही तिने सांगितलं. मी वाद घातला नाही. पोर बोलत होती, मला तेवढं पुरे होतं.

फेब्रुवारीत एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तिला न्यायला कुणी आलंच नाही. म्हणून मी कबूल केलंय. शनिवारी तू तिचा."

"किती शनिवार?"

"ते नाही ठरलं."

मी उपकार विसरणारा माणूस नाही. दर शनिवारी दुपारी सिग्नेला ऑरिनकडे सोडतो, एकटाच जातो, एकही पान न गाळता वाचतो.

मार्च संपत आलाय. बर्फ पातळ होत चाललाय, पायाखाली कुरकुरतो. बाकीच्यांनी आपापली खोपटं केव्हाच काठावर ओढून नेली. तळ्यावर आता आमचं एकच उरलंय.