तिसरी हाक

दिवा राहू दे तेवढाच. आणि ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या, नंतर जमणार नाही. आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कोर्टात बेलिफ होते. नोटीस लावायची, कुलूप ठोकायचं, त्यावर लाखेचं सील मारायचं, हे त्यांचं काम. गोष्ट रचून सांगायला जे डोकं लागतं, ते त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं.

गेल्या जानेवारीतला शुक्रवार. बसस्टँडमागे एक मुसाफिरखाना आहे, फार पूर्वी एका लोहाराने बांधलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं त्याला. घणाखाली सापडून अंगठ्याला मधोमध चीर गेलेली. तोच अंगठा उठवून त्याने ती जागा वक्फ केली, म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमची सोडली. अशा जागेला मालक नसतो, नुसता सांभाळणारा असतो. त्याला मुतवल्ली म्हणतात. लोहाराची अट एकच होती. रात्री दाराला कुलूप लागायचं नाही. वाटसरूने कधीही यावं आणि खाटेवर पाठ टेकावी.

आता मुतवल्ली कोण, यावरून त्याच्या घराण्यातले काका-पुतण्या भांडत होते. दिवाणी न्यायाधीश म्हणाले, हा वाद माझ्या अधिकारातला नाही, वक्फच्या न्यायाधिकरणाकडे जा. आणि तोवर मारामारी नको म्हणून जागेला सील ठोका. अधिकार नाही म्हणणाऱ्याचा तेवढा एक हुकूम मात्र चालला!

दाजी संध्याकाळी गेले. सील मारण्याआधी सगळ्या खोल्या बघायच्या आणि उंबऱ्यावरून तीन हाका मारायच्या, ही त्यांची नोकरीभराची शिस्त. पण त्या दिवशी काका-पुतण्यांनी एकमेकांची गचांडी धरलेली. दाजींनी पुढची खोली बघितली न बघितली, कुलूप घातलं, लाख ओतली, पितळी शिक्का दाबला आणि सुटले.

रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं हो?" ताईने विचारलं.

"हाका मारायच्या राहिल्या. मागची खोलीपण बघितली नाही."

"एक दिवस नाही मारल्या तर काय आभाळ कोसळतंय?"

"कुणी झोपलेलं असलं तर?"

साडेअकराला त्यांनी स्कूटर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टॉर्च मारला. सील जागेवर. दाजींचा जीव भांड्यात पडला. तरी शिस्त म्हणून त्यांनी दाराशी वाकून हाक मारली.

"आत कोणी आहे का?"

काही नाही.

"कोणी आहे का आत?"

काही नाही. दाजी स्वतःशीच हसले. तिसरी हाक मारली ती मारायची म्हणून.

"...आहे."

म्हातारा आवाज. शांत. दाराला अगदी लागून.

"कोण... कोण आहात?"

...

"दार उघडा."

"मला अधिकार नाही हो, बाबा."

"कुणाला आहे?"

माणूस कोंडला गेला होता, आणि त्यांच्याच हाताने. ते थेट न्यायाधीशांच्या बंगल्यावर गेले. साहेब शाल गुंडाळून बाहेर आले. म्हणाले, "प्रकरण माझ्या हातून गेलं. आता मी काही सांगितलं तर बेकायदा ठरेल. न्यायाधिकरणाला विचारा." तिथल्या अधिकाऱ्यांनी फोनवर जांभई दिली. "कागद आमच्याकडे आलेच नाहीत अजून. सील त्यांचं, त्यांनाच विचारा." पोलीस म्हणाले, कोर्टाच्या सीलला आम्ही हात लावणार नाही.

दाजी परत दारापाशी आले. कडाक्याच्या थंडीत अंगाला घाम.

"बाबा...?"

...

"कुणाला आहे?"

तोच आवाज. तेवढंच.

पेन्शन तोंडावर आलेली. ताईचं दुखणं, घराचे हप्ते, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दाजींनी दगड उचलला. एक घाव. दुसरा. लाख फुटली. कुलूप तुटलं.

दार उघडलं.

पुढची खोली... कोणी नाही.

मागची खोली...

कोणी नाही. खाटा. धूळ. धुळीत पाऊल नाही.

कोर्टाचं सील फोडलं म्हणून दाजींना निलंबित केलं. ते करायचा अधिकार कुणाचा, याबद्दल मात्र कुणालाच शंका आली नाही. मला त्याचा अजून राग येतो.

सकाळी पंचनामा झाला, तेव्हा पंच म्हणून मी होतो. सीलचे तुकडे उंबऱ्यावर विखुरले होते. दाजी पायरीवर बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "मी उशीर केला का रे?" मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूलाही लाख होती. बाहेर जिथे सील होतं, बरोबर त्याच्या पाठीमागे. मी बोट लावलं... कोमट.

तिच्यावर शिक्का नव्हता. अंगठा होता.

मधोमध चीर.