शांतवारा

नवव्या दिवशी सकाळीही पिठावर काही उमटलं नव्हतं.

स्वप्नील भोइटे पाटापासून एक हात अंतर सोडून उकिडवे बसले होते. वय वर्षं बहात्तर. स्वप्नील नावाचे आजोबा ही कल्पना त्यांच्या आईला हसू आणणारी वाटली असती, पण आता निम्मी आळी स्वप्नील, राकेश आणि वर्षा नावाच्या म्हाताऱ्यांनी भरलेली होती. पाटावर गव्हाचं पीठ पसरलेलं, शेजारी पणती. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस हा दिवा ठेवायचा आणि पिठाकडे लक्ष द्यायचं. जाणारं माणूस एकदा तरी घरी डोकावतं, आणि डोकावलं की पिठावर खूण ठेवतं. भोइट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही रीत होती आणि आजवर एकही पीठ कोरं राहिलं नव्हतं. आजोबांच्या वेळी चिमणीचं पाऊल उमटलं होतं, आईच्या वेळी बांगडीएवढं वर्तुळ.

बायकोच्या, पल्लवीच्या वेळी काहीच नाही. ज्योतसुद्धा चित्रात काढल्यासारखी उभी.

त्यांनी घराघरांतली हवा सांभाळणाऱ्या हवा खात्याकडे तक्रार नोंदवली. चोवीस वर्षांत पहिलीच.

अकराच्या सुमाराला खात्याच्या अभियंता शाल्मली खोत आल्या. तिशीच्या, चुणचुणीत. आत येताच त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतीवरच्या पेटीतले आकडे वाचले आणि म्हणाल्या, "काका, तुमचा शांतवारा तर उत्तम चाललाय. बिघाड काहीच नाही."

"तेच तर म्हणतोय मी. इतका उत्तम नको."

शांतवारा म्हणजे काय, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फुप्फुसांच्या तापाने गाव अर्धं रिकामं केलं, त्यानंतर प्रत्येक घराच्या छताला हजारो बारीक भोकं पाडली गेली आणि जमिनीलाही. वरून हवा संथपणे खाली उतरते आणि जमिनीत शोषली जाते. ती ढवळली जात नाही. पत्त्यांच्या कॅटातली पानं एकमेकांवरून सरकावीत, तसे हवेचे थर एकमेकांशेजारून घसरतात आणि एका थरातला कण दुसऱ्यात जात नाही. शास्त्रात याला स्तरीय प्रवाह म्हणतात. उदबत्तीचा धूर पहिली चार बोटं सरळ रेघेत चढतो, तो स्तरीय. पुढे त्याची वेटोळी होतात, तो संक्षुब्ध. शांतवाऱ्याने ती वेटोळीच काढून टाकली. ज्याचा श्वास त्याच्याच पायाशी उतरू लागला, आणि ताप गेला.

फक्त एक पथ्य होतं. दोन माणसं एका हातापेक्षा जवळ आली की त्यांच्यातले थर मोडत आणि छतावर लाल दिवा लागे. पहिल्या वर्षी लोक दिव्याला घाबरून अंतर ठेवत. पाच वर्षांनी ती सभ्यता झाली. आता कुणी कुणाच्या जवळ गेलंच तर बघणाऱ्याला लाज वाटे.

शाल्मली हवेचे थर समजावू लागल्या. "मला ते थर-बिर शिकवू नका मॅडम," भोइटे म्हणाले. "पस्तीस वर्षं नगरपालिकेत नळ फिटर होतो. तोटी जराशी उघडली की पाणी काचेच्या कांडीसारखं येतं. आवाज नाही, हालचाल नाही. वाहतंय की थांबलंय तेही कळत नाही. अजून पिळली की ते पांढरं होतं, खळखळतं. बरोबर?"

शाल्मली हसल्या. "अगदी बरोबर. आम्हाला हे शिकायला चार वर्षं लागली."

"मग माझ्या घरातली तोटी अर्धा तास पिळा. खळखळू दे जरा."

"कशासाठी?"

 भोइट्यांनी पाटाकडे हात केला. "उद्या दहावा. उद्या हे उचलायचं. ती रुसलीय, मॅडम."

सांगायला त्यांना वेळ लागला. दोघांच्या खाटा दोन भिंतींना होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी पल्लवीने खाटेवरून हात पुढे केला. बोलता येत नव्हतं. भोइटे उठून जवळ गेले आणि छतावर लाल दिवा लागला. ते मागे सरले. सवयीने. तापलेल्या नळाला भाजल्यावर हात मागे येतो, तेवढाच विचार त्यात होता. दिवा विझला आणि ते पुन्हा पुढे जाणार, तोवर तिचा हात खाली आला होता. संध्याकाळी ती गेली.

"ती आली असेल तर तिला खूण करता येत नसेल या हवेत," ते म्हणाले. "आणि आली नसेल, तर ते माझ्यामुळे. यातलं कुठलं, एवढंच मला कळू दे. नाहीतर उरलेली वर्षं या खोलीत बसवणार नाही मला."

माणूस घरात असताना शांतवारा बंद करायचा नाही, असा नियम होता. अपवाद एकच: दुरुस्तीसाठी, अभियंता हजर असताना, अर्धा तास. दुरुस्त करण्यासारखं त्या पेटीत काही नव्हतं. शाल्मलींनी नोंदवहीत ‘दुरुस्ती’ असं लिहिलं आणि कळ खाली ओढली.

छतातली घरघर थांबली. ती घरघर असते हे ती थांबल्यावरच दोघांना कळलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग ज्योत कलली. उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि थरथरत राहिली.

"आली!" भोइटे ओरडले. दारातून आत आलेली झुळूक आहे, हे शाल्मलींना माहीत होतं.  भोइटे गुडघ्यांवर सरकत पाटापाशी गेले, नऊ दिवसांत पहिल्यांदाच इतके जवळ, आणि पिठावर वाकून त्यांनी हाक मारली, "पल्लवी!"

नावातला पहिला ‘प’ ओठांतून फुटला आणि त्या फुंकरीने पिठात एक खळगा पडला. अंगठ्याएवढा, नेटका.

शाल्मलींनी ते पाहिलं. भोइट्यांनी फक्त खळगा पाहिला.

"बघा! पायाचा अंगठा! नाही रुसली!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारा लहान मुलासारखा हसत होता, आणि खरं काय ते सांगायला शाल्मलींची जीभ रेटली नाही. विज्ञानाने प्रत्येक वेळी तोंड उघडलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

हसता हसता भोइट्यांनी छाती भरून श्वास घेतला. आणि थांबले. नाक वर करून हुंगलं.

"तुम्ही काही तेल-बिल लावून आलाय का?"

"नाही काका."

"मग हा कसला वास? औषधासारखा. वर आंबूस, जुन्या कपड्यांचा असतो तसा. म्हाताऱ्या माणसाचा वास आहे हा."

"तुमचा स्वतःचा असेल."

"स्वतःचा वास कुणाला येतो का? दुसरं कुणीतरी आहे इथे." ते उठले. थर मोडलेल्या हवेत वास खोलीभर फिरत होता, त्याचा माग काढत ते समोरच्या भिंतीशी गेले. पल्लवीच्या खाटेवर तिची घडी घातलेली शाल होती. त्यांनी ती उचलून नाकाशी नेली. अशी वस्तू नाकाशी नेणं आता कुणाला सुचतही नसे.

मग ती उलगडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत राहिले.

"ही ती नाही," ते हळूच म्हणाले. "तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा. ओल्या केसांचा. मी डोळे बांधून ओळखलं असतं."

"तो कधीचा काका?"

त्यांनी हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. तो वास होता त्यांच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंतचा, शांतवारा बसला त्या दिवसापर्यंतचा. त्यानंतर पल्लवीचे केस पिकले, तेल सुटलं, गुडघ्यांना मलम आलं, अंगाला म्हातारपणाचा वास आला. रोज चार पावलांवर. त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"म्हणजे चोवीस वर्षं ही इथे होती," ते म्हणाले, "आणि माझी हिची भेटच नाही?"

 शाल्मलींना आपली सहा वर्षांची मुलगी आठवली आणि तिच्या डोक्याचा वास कसा असेल, हे आठवेना. आठवणार कुठून, तो कधी घेतलाच नव्हता.

"जरा वाढवून द्या वेळ," भोइटे शाल छातीशी धरून म्हणाले. "नवी ओळख आहे. अर्ध्या तासात कशी व्हायची?"

"ते माझ्या हातात नाही काका. आपोआप सुरू होतं."

बोलता बोलताच छतात घरघर सुरू झाली. हवा संथपणे खाली उतरू लागली. ज्योत सरळ झाली आणि वास जमिनीच्या भोकांत निघून गेला.

भोइट्यांनी शाल खाटेवर ठेवली, पूर्वीसारखी घडी घालून. मग स्टूल ओढलं आणि तिच्या रिकाम्या खाटेपाशी बसले. एक हात अंतर सोडून.