झटक्याआधीचा आवाज

"बाही वर करा," सिस्टर कागदावरून डोळे न उचलताच म्हणाली.

समोरच्या खुर्चीतला तरुण चुळबुळला. "मी... त्या यंत्रासाठी आलोय."

"इथे सगळे यंत्रासाठीच येतात. डावा हात द्या."

त्याने निमूटपणे बाही वर केली. तिने दंडावर स्पिरिटचा कापूस फिरवला, नाव विचारून वहीत शोधलं, सापडेना. तेव्हा कुठे त्याच्या पायाशी ठेवलेली हत्यारांची पेटी तिला दिसली.

"अगंबाई! तुम्ही कंपनीचे इंजिनिअर? मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत, की मलाच वाटायला लागलं – आपण पेशंट असू."

सिस्टरला हसू आवरेना.

त्या दवाखान्यात एका नव्या लशीची चाचणी चालली होती. लस दंडात टोचायची आणि लगेच त्याच जागी चार बारीक सुयांचं यंत्र टेकवून बटण दाबायचं. निमिषभर विजेचे झटके बसत, स्नायूतल्या पेशींची दारं क्षणभर किलकिली होत आणि लस आत शिरे. ऐकायला सोपं; पण दंड असा ताडकन उडे, की माणसं दुसऱ्या डोसला फिरकत नसत. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा तर तोंडावर सांगून गेले होते, "पोरी, तुझा हात हलका आहे गं, पण ते यंत्र फार खाष्ट!" आणखी चारजण गळाले असते तर चाचणीच गुंडाळावी लागली असती. दोन वर्षं तिने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. म्हणून तिनेच कंपनीला खरमरीत पत्र धाडलं होतं.

इंजिनिअरने यंत्र उघडलं, मीटर लावून तपासलं. "सगळं व्यवस्थित आहे."

"स्वतः कधी घेऊन पाहिलंय?"

"नाही... आम्ही जेलीच्या गोळ्यावर तपासतो."

"जेली ओरडत नाही."

त्याने मीटर खाली ठेवलं. मग स्वतःच उठून डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन आला. लशीऐवजी साधं सलाईन भरलं. यंत्राची बीप वाजली, दंड उडाला आणि त्याच्या तोंडून असा काही शब्द निसटला, की डॉक्टरबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"हे... हे मी बनवलंय?" दंड चोळत तो पुटपुटला.

तिला त्याची दया आली. दयेहून थोडं जास्तही काहीतरी आलं, पण ते तिने मनावर घेतलं नाही.

त्यानंतर तो दर गुरुवारी येऊ लागला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राही.

"यंत्राकडे बघताय ना?" तिने एकदा विचारलं.

"यंत्राकडेच. म्हणजे... बहुतेक वेळ."

तिने मान फिरवली, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बोलत असता तोवर माणसाचा दंड सैल असतो. बीप वाजली की आखडतो. आखडला की झटका जास्त लागतो. खाष्ट आहे ती बीप."

"मग काढून टाका की!"

"साहेब म्हणतात, आधी इशारा हवाच."

"इशारा मी देईन. माणसाच्या आवाजात."

तो साहेबांशी भांडायला गेला तो तीन आठवडे उगवलाच नाही. गुरुवार कसे आळणी झाले. आईच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं, हल्ली गुरुवारीसुद्धा कालचीच वेणी?" ती म्हणाली. सिस्टरने घाईने जेवणाचा डबा उचलला.

मग एका सकाळी तो आला. दाढी वाढलेली, हातात मंजुरीचा कागद. बीप गेली होती; तिच्या जागी यंत्राच्या मुठीवर झटक्याआधी लागणारा एक छोटा हिरवा दिवा होता, फक्त सिस्टरला दिसेल असा.

तिने आजोबांना फोन केला. ते कुरकुरतच आले. लस टोचून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, एखादं पत्र कधी हरवलं का हो तुमच्या हातून?"

"छे! एकावर तर नुसतं 'निळ्या दाराची मावशी' एवढंच लिहिलेलं. अख्खी वस्ती पालथी घातली, आणि–"

"आता हं, आजोबा."

दंड उडाला. आजोबांनी एकदा डोळे मिटून उघडले. "एवढंच होय! ... तर काय सांगत होतो, मावशी निघाली तिसऱ्या मजल्यावर."

आजोबा गेल्यावर इंजिनिअर पेटी आवरू लागला. एकेक पाना पुसायला त्याला फारच वेळ लागत होता.

"माझं काम संपलं," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी यायला... काही कारण नाही."

"कारण लागतंच का?"

"लागतं हो. कारणाशिवाय कुठे जायची सवयच नाही मला."

सिस्टरने कापसाचा डबा मिटला, पुन्हा उघडला.

"मग मी देते कारण. रविवारी सकाळी मी नदीकाठी चालायला जाते. एकटीच. या रविवारी एकटीनं जायचं नाहीये मला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू..." शब्द निसटला आणि तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुम्ही..."

"राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "आठ वाजता. पुलापाशी." आणि किंचित थांबून, धीर करून – "वेळेवर ये हं तू."