दाढ आणि कार्बोरेटर

प्रेम आंधळं असतं, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. आपल्या दंतवैद्य बाईंच्या बाबतीत मात्र ते व्हर्निअर कॅलिपरने, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजून झालं.

झालं असं, की बाबांची जुनी मोटरसायकल अकरा वर्षं जिन्याखाली गंजत पडली होती. एके सकाळी बाबा म्हणाले, "मी सुरू आहे तोवर हिला सुरू कर." म्हणून पिस्टन शोधत ती जुन्या बाजारातल्या एका बोळाएवढ्या दुकानात शिरली. दुकानदार तिशी ओलांडलेला, नाकावर ग्रीसचा ठिपका, आणि तत्त्वाला पक्का.

"जुना पिस्टन दाखवा."

"तो झिजलाय म्हणून तर नवा हवाय!"

"झिजलेला बघितल्याशिवाय नवा देत नाही आम्ही. वडिलांपासूनचा नियम आहे. आणि एका वेळी एकच भाग. तो नीट बसला, की पुढचा."

"म्हणजे मी दर शनिवारी खेपा घालू?"

"शनिवारी... दुकान उघडंच असतं," तो म्हणाला, आणि कारण नसताना कानापर्यंत लाल झाला.

मग पिस्टन झाला, रिंगा झाल्या, व्हॉल्व्ह झाले. ती प्रत्येक भाग दवाखान्यातल्या कापसात गुंडाळून आणायची. तो असा हळुवार उलगडायचा, जणू आतून अंगठीच निघणार आहे. बोटांना बोटं लागायची – रॉकेलच्या वासात लवंगेच्या तेलाचा वास मिसळायचा – आणि कॅलिपरचा आकडा दोनदा वाचावा लागायचा.

चौथ्या शनिवारी तो गाल धरून बसला होता.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"इथे?"

"झिजलेलं बघितल्याशिवाय आम्हीही काही करत नाही."

सिलिंडरात डोकावायच्या टॉर्चने तिने त्याची दाढ पाहिली. तेव्हापासून शनिवारी ती दुकानात आणि बुधवारी तो दवाखान्यात, अशी वहिवाट पडली.

गाडी अडली ती कार्बोरेटरवर. "मिळत नाहीये. शोधतोय," तो जमिनीकडे बघत सांगायचा. असे पाच शनिवार गेले.

"अगं, तो कार्बोरेटर शोधतोय की सासरा?" बाबांनी विचारलं. ती जिन्यावरून जरा जास्तच वेगाने उतरली.

सहाव्या शनिवारी तो शिडीवर होता. "जरा खणातला कॅलिपर देता?" म्हणाला, आणि लगेच ओरडला, "नको! तो खण नको...!"

तोवर खण उघडला होता. आत तिच्याच कापसात गुंडाळलेला, धुऊनपुसून लख्ख केलेला कार्बोरेटर.

"कधीपासून आहे हा?"

"पाच आठवडे..."

"घरी एक म्हातारा रोज किक मारायचा सराव करतोय, आणि तुम्ही...!"

तो शिडीवरून उतरला. "हा दिला असता, तर गाडी सुरू झाली असती. मग तुम्ही इथे कशाला आला असता? चुकलंच माझं. न्या... आत्ताच न्या."

कार्बोरेटर घेऊन ती तरातरा दारापर्यंत गेली. तिथे थांबली. पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या दाढेचं काम दोन बुधवारांत संपलं असतं."

"पण सहा झाले की!"

"तात्पुरतं सिमेंट भरायचं... काढायचं... पुन्हा भरायचं."

बराच वेळ दुकानात कुणीच काही मोजलं नाही.

"मग... आता?" त्याने विचारलं.

"आता चल," ती वळून म्हणाली. "बाबांसमोर तूच बसव. आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांग, कुठे सापडला ते."

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बाबांनी ती मुद्दाम बंद केली आणि पुन्हा सुरू केली. धुरात उभ्या असलेल्या त्या दोघांचे हात एकमेकांत होते, हे त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दाढ मात्र काढावी लागली.