नात्याचा रकाना

रेवती त्याच्याशी भांडायलाच गेली होती. हे ती आठ वर्षांनंतरही कबूल करते. फक्त आता जरा अभिमानानं.

डिसेंबरातला रविवार, लहान मुलींची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा. नोएडाच्या त्या लांबट हॉलबाहेर धुकं आणि आत खडूच्या भुकटीचं वेगळं धुकं. (आता तिथं गाड्यांचं शोरूम आहे. तिथून जाताना रेवती अजून रिक्षा हळू करायला लावते.) तिची सात वर्षांची भाची अनुष्का बारवर पाय उलटे टाकून चढली, कमर टेकून बारभोवती एक गिरकी घेऊन खाली उतरली. एकदाही पडली नाही. मिळाले आठ पॉइंट एक, दहापैकी. दिलीपदादाच्या मते हा अन्याय नव्हे, कट होता. दादा सरकारी खात्यात फायली तपासायचा, त्यामुळे कट त्याला लांबून दिसत. पण भांडायला त्यानं धाकट्या बहिणीला पाठवलं; पालकांना पंचांशी बोलायची मनाई होती, आत्यांबद्दल नियमावलीत काही नव्हतं.

पंच मुळ्याचा पराठा खात होता. रेवतीनं मोबाइलवरचा व्हिडिओ त्याच्या नाकासमोर धरला.

"सर, ये देखिए. बच्ची कहाँ गिरी?"

तो व्हिडिओ पाहीना, पराठाही खाली ठेवीना. तेवढ्यात दादाचा फोन. "हो रे दादा, भांडतेय," ती हळूच म्हणाली, "पण माणूस जेवतोय."

"जेवून घेतो, मग भांडा," पंच म्हणाला. मराठीत.

रेवतीचे कान लाल झाले. थंडीनं, असं ती सांगते.

तो इंद्रजित. सांगलीहून कलेक्टर व्हायला आलेला. दोन प्रयत्नांत सरकारचं त्याच्यावाचून अडत नसल्याचं कळलं, आणि शाळेत केलेलं जिम्नॅस्टिक्स कामी आलं.

"आजच्या गुणांवर बोलता येत नाही," तो हात पुसत म्हणाला. "बुधवारी प्रॅक्टिसला या. पालकांना सगळं समजावतो."

"मी पालक नाही."

"मग पुढच्या बाकावर बसा."

बुधवारी ती पुढच्या बाकावर बसली. "तुम्हाला वाटतं आम्ही गुण देतो," इंद्रजित सांगत होता. "आम्ही देत नाही. प्रत्येक मुलीचे दहा असतातच, आम्ही कापतो. गुडघा वाकला, एक दशांश. पाय सुटे झाले, पंजा ताणला नाही, आणखी एकेक. चढायला जास्तीचा झोका घेतला, तीन. पडली, तर पाच."

पालकांचे चेहरे उतरत गेले. एका वडिलांनी आशेनं विचारलं, "और मुस्कुराने का?"

"उसका कुछ नहीं."

"आणि अनुष्का?" रेवतीनं विचारलं. "ती तर पडलीच नव्हती."

"नव्हती. पण तिचे गुडघे सगळा वेळ नमस्कार करत होते."

रेवती हसली… आणि तो पुढचा मुद्दा विसरला.

परतीची मेट्रो एकच. तिला करोल बाग, त्याला त्यापुढचं स्टेशन. पण तो तिच्याबरोबरच उतरायचा आणि उरलेलं अंतर चालत जायचा. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. अशा सात बुधवारांत त्यांनी डब्यातल्या निम्म्या दिल्लीचे गुण कापले: धक्का मारून बसणाऱ्या काकूंचे पाच, झोपून दुसऱ्याच्या खांद्यावर कलणाऱ्या काकांचे तीन.

"आणि माझे किती कापलेत?" तिनं एकदा विचारलं.

"तुमचं अजून सुरूच नाही झालं. मुलगी पंचांसमोर हात वर करते, मोजणी तिथून."

मंडी हाउसला गर्दी घुसली. रेवतीनं हात वर करून कडी पकडली. "आता?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बोगदा होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तिनंच विषय काढला. "रविवारी संध्याकाळी गुडगावचा मुलगा येतोय. मला बघायला."

"रविवारी तर स्पर्धा आहे."

"ती सकाळी. दादाला मुलगा एकदम पसंत आहे."

"अच्छा." मग त्यानं विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मला कुणी विचारलंय कुठं—"

"आत्ता विचारलं ना."

"असं नाही विचारत."

करोल बाग आलं, आणि त्या दिवशी तो उतरलाच नाही. दारं मिटली. रेवतीनं प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या त्याचे पाच कापले आणि ठरवून टाकलं: रविवारपर्यंत हा माणूस काही बोलला नाही, तर गुडगावला हो म्हणायचं.

रविवारी बारसमोरच्या दोन पंचांत तो होता. पालकांच्या बाकावर दादाशेजारी बसलेल्या रेवतीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. अनुष्काचं नाव पुकारलं गेलं. तिनं बारखाली उभं राहून हात वर केला. आता पंचानं मान हलवायची आणि तिनं सुरू करायचं.

इंद्रजितनं मान हलवली नाही. पेन्सिल ठेवली, उठला आणि मुख्य पंच कुमुदिनी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, इस बच्ची को मैं नहीं जाँच सकता."

"क्यों? रिश्तेदार है?" नातेवाईक असेल तर पंचानं बाजूला व्हायचं आणि फॉर्मवर नातं लिहून द्यायचं, असा साधा नियम.

"अभी… नहीं है."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी पंचांच्या सगळ्या सबबी ऐकल्या होत्या, ही नवी होती. "फॉर्म में 'अभी नहीं' का खाना नहीं है. रिश्ता क्या लिखूँ?"

तो बाकाकडे वळला. कानांपर्यंत लाल. "रेवती… काय लिहायचं?"

"हा काय प्रकार आहे?" दादानं बहिणीकडे पाहून विचारलं.

"आत्या, लवकर सांग ना," बारखालून अनुष्का म्हणाली. "माझा हात दुखतोय."

रेवती उभी राहिली. सकाळपासून मनात घोळवलेली गुडगावसाठीची सगळी वाक्यं कुठं गेली, ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

"फूफाजी लिख दीजिए, मॅडम," ती म्हणाली. "होनेवाले."

मॅडमनी आत्याच्या नवऱ्याचं नातं लिहिलं, 'होनेवाले' कंसात, आणि राखीव पंचाला बोलावलं.

इंद्रजित येऊन बाकाच्या टोकाला बसला. मधे दादा, पलीकडे रेवती. तिघंही समोर बघत होते. अनुष्का चढली, गिरकीत हात सुटला, आपटली, उठली आणि पुन्हा चढली. सात पॉइंट नऊ.

"हा पंचपण कटात मिळालेला दिसतो," दादा पुटपुटला. मग मान न वळवता, "तुम्ही किती दिले असते?"

"सात पॉइंट सहा."

दादानं त्यावर नीट विचार केला.

"मग उठलात ते बरं केलंत," तो म्हणाला, आणि गुडगावला फोन करायला बाहेर गेला.

बाकावर दोघांच्या मधे दादाएवढी जागा रिकामी राहिली. ती आधी कुणी ओलांडली, यावर त्यांचं अजून एकमत नाही.