दिवा विझायच्या आधी

रविवारी सकाळी सहा वाजता हॉस्पिटलच्या तळघरातल्या राउटरचं बिघडलेलं प्रोसेसर मॉड्यूल बदलायचं काम सुरू झालं. वॉर्डातले मॉनिटर, तपासण्यांचे रिपोर्ट, फोन... सगळं या एका राउटरवर होतं. तो बंद पडून चालणार नव्हतं. जोडीचं दुसरं मॉड्यूल तेवढ्यापुरता सगळा भार ओढत होतं.

राउटरसमोर ती एकटी. मनगटाला पट्टा, त्याची वायर राउटरच्या पत्र्याला. अंगातली वीज आतल्या नाजूक भागांना लागू नये म्हणून. कानात त्याचा आवाज. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसला होता.

"जुनं मॉड्यूल बंद होतंय. त्याचा दिवा विझू दे, मगच खिट्या उघड."

"माहितीये. पहिल्यांदा करत नाहीये."

"तू चिडलीस की आवाज छान लागतो तुझा."

ती गालातल्या गालात हसली. तेवढ्यात फोनमध्ये आणखी कुणीतरी हसलं. बाईचा आवाज. मोकळा, झोप पूर्ण झालेला.

"कोण आहे?"

"नवीन आलीये. शिकवतोय तिला." मग जरा लांबून, मऊ आवाजात, "घाई करायची नाही. राउटर आहे, बस नाही. सुटणार नाही."

तिचे कान तापले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ती घाईघाईने खिट्या उघडायला जात असताना, हाच विनोद त्याने तिला सांगितला होता. ती हसली होती आणि तेव्हाच त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं होतं. तो विनोद तिचा होता... आणि हा तो वाटत सुटला होता.

"दिवा विझला?" त्याने विचारलं.

"विझला."

अंगठे खिट्यांवर गेले. मग तिने वर पाहिलं. हिरवा ठिपका जळतच होता. तसंच ओढलं असतं तर दुसरं मॉड्यूलही अडखळलं असतं आणि वरचे सगळे वॉर्ड आंधळे झाले असते. तिने हात मागे घेतले.

"नाही... विझलेला नाही. मी न बघताच म्हटलं."

"न बघता? तू?"

"तुझा विनोद ऐकत होते. बसचा. तिलाही सांगितलास."

मग तोच मोकळा आवाज जवळ आला. "ताई, फोन स्पीकरवर आहे. आणि हा विनोद मला मुळीच आवडत नाही. पण सर दर वेळी पुढे म्हणतात – ती यावर हसली होती."

'ताई' तिला झोंबलं. बाकीचं कळायला जरा वेळ लागला.

"खरं आहे?"

"हो," तो म्हणाला. "तुझं नाव काढायला दुसरं निमित्त सापडत नव्हतं. मला तू आवडतेस... स्पीकर चालू आहे हे माहीत असून सांगतोय."

दिवा विझला.

"विझला," ती म्हणाली. "बघून सांगतेय."

तिने दोन्ही खिट्या एकदम उघडल्या, जुनं मॉड्यूल दोन्ही हातांनी सरळ ओढून नव्या मॉड्यूलच्या रिकाम्या पिशवीवर ठेवलं आणि नवं अलगद आत सरकवलं. खिट्या बसल्या. राउटर एकदाही थांबला नाही.

"मी येतोय तिकडे," तो म्हणाला, आणि फोन नवीन मुलीच्या हातात गेला.

सात वाजायला आले तरी नवं मॉड्यूल सुरू होतच होतं.

"निघाला का?" तिने जमेल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"निघाले, ताई. शर्ट बदलून."

"शर्ट कुठे बदलला?"

"इथेच, ताई. मी पाठ केली होती."