तांबूचं अंथरूण

आमची मेंढरं रिहे गावात धुळा नावाच्या पोराच्या वावरात खतासाठी बसली, त्याच संध्याकाळी तो भाताच्या पेंढ्याचा भारा घेऊन बांधावरून चालला होता. आमचा कुत्रा तांबू त्याच्या अंगावर धावला. बिचाऱ्यानं भारा टाकला, तर तांबू भुंकायचं सोडून त्यावरच ऐसपैस बसला.

"बसा आता," धुळा तांबूला म्हणाला... पण बघत होता माझ्याकडं.

धुळाचं घर आमच्याच मेंढपाळ समाजातलं, शेती करून गावात राहिलेलं. चावडीत नवा रेडिओ आलेला, सगळी पोरं तिकडं पळायची. हा मात्र रोज तांबूसाठी पेंढा घेऊन आमच्या तळावर. जुन्या उडवीच्या, म्हणजे पेंढ्याच्या गंजीच्या, बुडातला आणायचा, मऊ असतो म्हणून. मला ते फार आवडायचं.

मग तांबू खाजवायला लागला. पोट, काखा लालभडक.

"लूत असंल, राजा," माझे आबा मला म्हणाले. "बरा न्हाई झाला, तर मुक्काम हलवताना ह्याला हितंच सोडायचा."

मी रडले. धुळा म्हणाला, "एकेक गोष्ट बाजूला करून बघू. कशानं खाजतंय ते घावंल."

आधी त्याच्या अंगाखालचं घोंगडं काढलं. मग तांबूला मेंढरांपासून, गवतापासून लांब बांधलं. रोज धुळा विचारायचा, "कमी हाय?"

"न्हाई."

"मग उद्या यावंच लागंल," म्हणताना त्याला हसू आवरायचं नाही.

पुढं तो बहिणीकडं उरवड्याला गेला. उरलासुरला पेंढा मी चुलीत घातला, तांबू उघड्या मातीवर झोपला... आणि खाज निवली. धुळा परतला, नवा पेंढा अंथरला, कुबट धूळ उडाली. सकाळी तांबूचं पोट पुन्हा लाल.

मला सगळं कळलं. वाटलं, सांगूच नये. पेंढा थांबला, तर येणंही थांबेल... पण तांबू माझ्याकडं बघत होता.

संध्याकाळी मी धुळाला बांधावरच अडवलं. "भारा तिथंच टाका. ह्यो पेंढाच बाधतोय त्याला. बुरसलाय."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच केलं व्हय हे?" मग हळूच म्हणाला, "आता कशाच्या निमतानं येऊ?"

"रिकाम्या हातानं या. आबा बसल्यात, त्यांच्याशी बोला."

"काय बोलू?"

मी बोललेच, "म्हणावं, तांबूला संगं न्या... हितं तुमच्या लेकीला, राजाला सोडा."

धुळानं अंगावरचा पेंढा झटकला आणि आबांकडं निघाला.